व्हरांड्यातलं यंत्र

३ मार्च, मंगळवार

पुन्हा 'निकाली'! 'तक्रारीचं निवारण झालं, तक्रारदार समाधानी.' कोण समाधानी? मी? मला समाधानी पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय — हे वाक्य आमच्या स्वारीचं, माझं नव्हे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकतेय.

यंत्र अजून तिथेच आहे. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, फुलाफुलांच्या चादरीखाली. डोळ्यांतला दाब मोजतात ते. त्याच्याशिवाय गुरुवारचे डॉक्टर (डोळ्यांचे. गुरुवारीच येतात म्हणून सगळं गाव त्यांना असंच म्हणतं) ठाम काही सांगत नाहीत. दोन वर्षांपूर्वी स्वारीला दाखवलं तेव्हा म्हणाले, "बहुधा मोतीबिंदू. दुसरंही काही असेल. मोजल्याशिवाय कसं सांगू?" तेव्हापासून स्वारी अडून बसली आहे. यंत्र सुरू झालं की पहिला नंबर माझा, तोवर दवाखान्याचं नाव काढू नकोस.

आज स्वारीने चहा कपाच्या शेजारी ओतला. वर म्हणते, "बशीलाही तहान लागते."

मला हसू आलं. मग राग आला. मग मी नवी तक्रार नोंदवली.

५ मार्च, गुरुवार

दवाखान्यात जाऊन आले. यंत्रावर कुणीतरी पाण्याची बाटली, पिशवी आणि एक झोपलेलं मूल ठेवलं होतं. मूल आईच्या स्वाधीन केलं. चादर वर करून पाहिली. काच स्वच्छ, वायर शाबूत, चाकं फिरतात. मोडलेलं काहीच नाही!

सिस्टरला धरलं. गोल चेहऱ्याची, हसतमुख, पण आज मला पाहून औषधाच्या खोलीत पळू पाहत होती.

"काकू, ते आमचं नाही."

"दवाखान्यात आहे आणि दवाखान्याचं नाही?"

मग तिने सांगितलं ते असं. प्रांताला स्वतःचं सरकार मिळालं, आरोग्य खातं जुन्या राजधानीकडून नव्या राजधानीकडे आलं, तेव्हा माणसं आली सामान मोजायला. प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून खोलीतलं सगळं 'आरोग्य' म्हणून लिहून घेतलं. नेमका त्या दिवशी डोळ्यांच्या खोलीला रंग देत होते. रंग उडू नये म्हणून यंत्र बाहेर व्हरांड्यात काढलेलं. आणि व्हरांडा, जिना, गच्ची, संडास हे सगळं बांधकाम खात्याकडे गेलं.

"म्हणजे यंत्र बांधकामाचं?"

"हो ना. आत ढकलायचं तर त्यांची परवानगी हवी. आणि वर्ष उलटलं की त्याला तपासणीचा शिक्का मारून घ्यावा लागतो. मालकाशिवाय शिक्का कोण मारून घेणार? शिक्का नाही म्हणून डॉक्टर हात लावत नाहीत."

इथे मात्र माझीच पंचाईत झाली. वजनमापे निरीक्षक म्हणून हयात घातली मी. शिक्का नसलेलं माप म्हणजे माप नव्हेच, हे मीच बाजारात ओरडून ओरडून सांगितलं. किती तराजू उचलून नेले! आणि आता काय म्हणू — चालवून घ्या?

९ मार्च, सोमवार

सकाळपासून फोन. हा मोबाईल मुळात स्वारीकडे असतो. मला त्याचं वाजणं सहन होत नाही. आज मागून घेतला तर इतकी कुरकुर, जसं काही मी हातातली काठीच काढून घेतली.

जुनी राजधानी : "बाई, आरोग्य आता तुमचं तुमच्याकडे. मागितलंत ना स्वतःचं सरकार?"

मागितलं. मोर्चात पुढे होते मी. पावसात घोषणा देऊन घसा बसवून घेतला होता. आपला कारभार आपल्या हाती, म्हणजे जाब विचारायला लांब जायला नको, असं माझं साधं गणित. लांब जायला नको हे खरं निघालं. जाब कुणाला विचारायचा ते तेवढं राहिलं.

नवी राजधानी : "आमच्या मालमत्तेत असं यंत्रच नाही, मॅडम. नसलेलं यंत्र बंद कसं असेल?"

बांधकाम खातं : "आहे, आहे! 'टेबल, चाकांचं, एक.' आणि त्याच्या दुरुस्तीला माणूसही पाठवलाय आम्ही मागेच."

माणूस पाठवला होता. सिस्टरने दुजोरा दिला. सुतार होता तो! भला माणूस. टेबलाचा एक पाय डगमगत होता, तो घट्ट करून दिला, आणि जाताना म्हणाला, "वरच्या दुर्बिणीचं मला काही कळत नाही, पण टेबल आता शंभर वर्षं हलणार नाही."

स्वारीला हे सांगितलं तर हसून हसून डोळ्यांत पाणी. मग जरा वेळाने अगदी हळू — "टेबल तरी हलत नाही ना आता. बरं झालं."

१२ मार्च, गुरुवार

स्वारीला नवा छंद लागलाय. डोळे मिटून घरभर हिंडते. स्वयंपाकघर, मोरी, मागचं दार, परत खुर्ची. वाटेत भिंतीवरून बोटं फिरवायची आणि स्वतःशीच पुटपुटायचं.

"हे काय चाललंय?"

"घराचा नकाशा काढतोय."

जन्मभर भूमापन कार्यालयात नकाशे काढले, पोट भरलं नाही वाटतं. म्हटलं, निदान डोळे उघडे ठेवून काढा. तर म्हणे, "उघडे ठेवले की घर मध्ये येतं."

डब्यांच्या फळीचीही उचकपाचक केलीये. मीठ डावीकडे, साखर उजवीकडे, मध्ये काही नाही. मला विचारलंसुद्धा नाही! मी सगळं पूर्ववत केलं. संध्याकाळी चहा खारट.

मी तसाच प्यायले. डबे मात्र परत त्यांच्या मनासारखे ठेवले. नाहीतर उद्या कोशिंबिरीत साखरेचा ढीग.

१३ मार्च, शुक्रवार

चौथी तक्रारही निकाली. 'तक्रारदार समाधानी.' आता मात्र हद्द झाली.

१७ मार्च, मंगळवार

आमचे आमदार घरी आले. मी त्यांना 'लवकरच' म्हणते, आणि माझ्यामुळे आता सगळी आळी म्हणते. रस्ता लवकरच, पाणी लवकरच, दिवे लवकरच. स्वभावाने वाईट नाहीत. ते शाळेत असताना माझ्याच हातून त्यांच्या वडिलांचा तराजू जप्त झाला होता, त्यामुळे माझ्यासमोर बसताना अजूनही खुर्चीच्या टोकावर बसतात.

बातमी अशी — नव्या राजधानीची समिती येतेय. जनसुनावणी. प्रांताच्या सेवांचा हिशेब लोकांसमोर द्यायचा. आपला प्रांत समाधानात सगळ्यांत पुढे आहे म्हणे! आणि आमचं गाव प्रांतात पुढे.

"काकू, तुम्ही बोला. पण जरा सांभाळून."

"कुणाला सांभाळून?"

"म्हणजे... सगळ्यांनाच."

"यंत्र कधी सुरू होणार?"

तोंडातून शब्द फुटणारच होता. माझ्याकडे पाहून गिळला. चहाचा घोट घेतला, ठसका लागला. स्वारी आतून ओरडली, "म्हणा हो, म्हणून टाका! ती काही खात नाही!"

२० मार्च, शुक्रवार

भाषणाची तयारी. स्वारी आज भलतीच गोड. पाय दुखतात का, पाणी देऊ का. मग मुद्द्यावर आली.

"जाऊ दे ना ती सुनावणी. कशाला जिवाला त्रास?"

"तुमच्याच डोळ्यांसाठी चाललंय!"

"माझे डोळे माझं बघून घेतील."

ऐकलं का! बघून घेतील म्हणे.

मला संशय आहे — भीती वाटतेय ऑपरेशनची. कबूल करणार नाही. दाताच्या डॉक्टरकडे जायच्या दिवशीही असंच गोड वागायचं. मोतीबिंदूला हल्ली टाकासुद्धा घालत नाहीत, शेजारच्या शिंप्याची आई दुसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवत होती. सगळं सांगून झालं. ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि परत भिंतीला बोटं लावून चालू पडली.

मागच्या वर्षी स्वारी जुन्या सहकाऱ्यांच्या मेळाव्याला एकटी नव्या राजधानीला जाऊन आली, तेव्हा बस लागली नाही. डोळे दाखवायला तिथेच जाऊ म्हटलं की लगेच बस लागते. तिथून येताना सर्दीच्या थेंबांची बाटली तेवढी आणली. रोज न चुकता मोरीत जाऊन घालते. माणूस सर्दीला इतका जपतो आणि डोळ्यांचं काही नाही!

२६ मार्च, गुरुवार

सगळं नीट लिहायला हवं. राग जास्त आला की हसू, ठरत नाही.

शाळेचा हॉल खच्चून भरलेला. व्यासपीठावर समितीच्या अध्यक्षा, पांढऱ्या केसांच्या, माझ्याच वयाच्या, चेहऱ्यावरून बाई कामाच्या वाटल्या. शेजारी नव्या राजधानीचा आरोग्याचा तरुण साहेब, बांधकामाचे जाडे साहेब, आणि 'लवकरच'.

माझी पाळी आली. मी बोलले. व्हरांडा, रंग, सुतार — सगळं. लोक हसले, टाळ्या पडल्या. शेवटी म्हटलं, "आणि माझ्या प्रत्येक तक्रारीवर लिहिलंय, तक्रारदार समाधानी. मी विचारते, हे खोटं कुणी लिहिलं?"

तरुण साहेब नम्रपणे उभा राहिला. "मॅडम, आम्ही काहीच लिहीत नाही. तक्रार आली की काही दिवसांनी आमच्याकडून फोन जातो. माणूस समाधानी म्हणाला तरच बंद होते. आपल्या परवानगीने ऐकवू का?"

"ऐकवा!" मी म्हटलं. कुठून बुद्धी झाली!

आधी एका मुलीचा आवाज, मधासारखा. "नमस्कार, आपल्या तक्रारीबाबत आपण समाधानी आहात का?" आणि मग साऱ्या हॉलभर, लाउडस्पीकरवरून, आमची स्वारी —

"अहो हो हो, अगदी समाधानी! तुमचा आवाज ऐकला की जास्तच. जेवलात का तुम्ही?"

हॉल कोसळला. 'लवकरच' टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले. मी उभी. कान तापले. मागच्या रांगेत स्वारी, मान खाली, चप्पल न्याहाळत.

चारही वेळचं ऐकवलं. चारही वेळा समाधानी. एकदा तर मुलीला आल्याचा काढा कसा करायचा तेही सांगितलंय.

तरुण साहेब म्हणाला, "मॅडम, इथे सगळे असेच बोलतात."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लोकांकडे वळले. "यंत्राबद्दल तक्रार कुणी कुणी केली? हात वर." निम्मा हॉल. "आणि फोन आल्यावर समाधानी कोण म्हणालं?" तेच हात! एकही खाली गेला नाही!

शिंपी कसनुसा हसून म्हणाला, "काकू, ती पोर किती गोड बोलते. तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"नाही म्हटलं की तिला वरून बोलणी बसतात," आणखी कुणीतरी. "आपल्यापैकीच कुणाची तरी लेक असेल."

मी अध्यक्षांकडे वळले. "बाई, मी जन्मभर तराजू तपासले. दुकानदार पारड्याला अंगठा लावतो, हे रोजचं. पण गिऱ्हाईकच दुकानदाराच्या बाजूने अंगठा लावतंय, हे आज पहिल्यांदा पाहिलं. चूक आमची आहे. पण तो काटा पाहून 'आमचा प्रांत पुढे' म्हणणाऱ्यांनी एकदा तरी व्हरांड्यात येऊन पाहायचं होतं."

हसणं थांबलं. अध्यक्षांनी तरुण साहेबाला विचारलं, "खोलीत असेल ते आरोग्याचं, व्हरांड्यातलं बांधकामाचं — असंच ना?"

"तसंच, मॅडम."

"चला मग."

आणि साऱ्या हॉलसकट त्या निघाल्या! दवाखाना समोरच. व्हरांड्यात उभं राहून बांधकामाच्या साहेबांना म्हणाल्या, "तुमचं टेबल ढकलायला तुमची हरकत?" ते घाम पुसत म्हणाले, "हरकत कसली." अध्यक्षांनी एक बाजू धरली, मी दुसरी. चाकं कुरकुरली. उंबरठ्यावर जरा अडलं, 'लवकरच' पुढे झाले, उचललं — आणि यंत्र आत!

"आता कुणाचं?" अध्यक्षांनी विचारलं.

तरुण साहेब म्हणाला, "आमचं."

सिस्टर रडत होती, वेडी! सुताराने घट्ट केलेला पाय मात्र जराही हलला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

स्वारीशी अबोला.

दुपारी मोडावा लागला. न बोलता जाब विचारता येत नाही.

"ती मुलगी एकटी असते हो शहरात," स्वारीचं सुरू झालं. "कुणी धड बोलत नाही तिच्याशी—"

"आणि गुरुवारी व्हरांड्यात बसून परत जाणारी माणसं? त्यांच्याशी कोण धड बोलतं? तुमच्या भिडेपायी किती जण न मोजता गेले, ते कळतंय का?"

स्वारीचा चेहरा असा उतरला की मीच उठून भाजी चिरायला घेतली. जास्त बोलले बहुतेक. पण चुकीचं नाही बोलले.

२ एप्रिल, गुरुवार

शिक्का बसला! स्वतः जाऊन पाहिला. तारीख, सही, सगळं जागच्या जागी. रांग फाटकापर्यंत. शिंप्याचा पहिला नंबर. बाहेर येऊन म्हणाला, "काकू, आत एक फुंकर मारतं यंत्र. बस, झालं."

घरी येऊन सांगितलं, फक्त फुंकर आहे. पुढच्या गुरुवारी जायचं. स्वारी म्हणाली, "हो. आता जायलाच हवं." इतक्या मुकाट्याने! वादाला चार मुद्दे तयार ठेवले होते, फुकट गेले.

६ एप्रिल, सोमवार

आज गंमत. वीज गेलेली. मी मेणबत्ती शोधत अंधारात चाचपडतेय, कपाटाला गुडघा आपटला. स्वारी खुर्चीतून उठली, सरळ गेली, मेणबत्ती, काडेपेटी, माझा चष्मा, सगळं आणून हातात दिलं. कुठे धडकणं नाही, सांडणं नाही.

म्हटलं, "नकाशा पुरा झाला वाटतं."

"झाला. तुझा आवाज तेवढा घालायचा राहिलाय. तो एका जागी थांबत नाही."

९ एप्रिल, गुरुवार

मोतीबिंदू नाही. दाब. उजवा डोळा गेलेला आहे, डावा थोडा उरलाय. उरलेला थेंबांनी राखता येईल. गेलेलं परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी मोजलं असतं तर दोन्ही राहिले असते, असं डॉक्टर म्हणाले. मला नव्हे, यांना. आणि मग यांनी पुढे केलेली थेंबांची बाटली पाहून — "पण हे तुम्हाला माहीत होतं." कुठलाही मेळावा नव्हता. सर्दी नव्हती.

वाटेत विचारलं, का नाही सांगितलंत? कधी नव्हे तो माझा हात धरून चालत होते. म्हणाले, "आधी घर पाठ करायचं होतं. तुला कळलं असतं तर तू सगळ्यांना जाब विचारत सुटली असतीस, आणि शेवटी घरी येऊन स्वतःला."

आताच फोन वाजला. यांनी न बोलता माझ्यापुढे धरला. तोच गोड आवाज. यंत्र सुरू झालं, आपण समाधानी आहात का? मी म्हटलं, "नाही. उशीर झाला, असं लिही." म्हणाली, "आजी, इथे 'समाधानी' आणि 'असमाधानी' एवढंच आहे. उशिराचं काही नाही." म्हटलं, "मग वरच्यांना विचार आणि घालून घे, बाळा. मी थांबते."

फोन कानाशी आहे. थांबले आहे.